दोन वाजताचा पाहुणा

“थांब पोरी, पदर मागं घेते. कपाळ नीट दिसू दे.”

मालनकाकींनी डोक्यावरचा पदर दोन बोटं मागे सारला, केसांवर ओला हात फिरवला आणि कांडपाच्या पत्र्याच्या शेडपुढे ताठ उभ्या राहिल्या. शाळेच्या फोटोत शेवटच्या रांगेतल्या मुली उभ्या राहतात तशा.

“काकी, जरा हसा की.”

“हसून कुणाला दाखवू? घे असाच.”

“मग मशीनला हात लावून उभ्या राहा. म्हणजे लोकांना कळेल, कसला धंदा आहे ते.”

“मोटर जळालीया त्याची. जळक्या मशीनला काय हात लावायचा? तू माझं तोंड घे. जवळनं घे.”

मी जवळ गेले. दोन वर्षांत मी दीडएकशे बायकांचे फोटो काढले होते. कुणी शिलाई मशीन पुढे ओढायची, कुणी नातवाला कडेवर घ्यायची, एकीने तर टीव्हीवरचं प्लास्टिक काढून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. नुसतं कपाळ दिसू दे म्हणणारी ही पहिलीच. या वयात हौस आहे बाईला, असं मनात आलं आणि मी आतल्या आत हसले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सांगलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं, आम्ही तिघं. आमची एक वेबसाइट होती. छोटा धंदा करणाऱ्या बायांचा फोटो आणि दहा-बारा ओळींची माहिती आम्ही तिच्यावर टाकायचो. ते वाचून कुणीही पाचशे रुपयांपासून पुढे कर्ज द्यायचं, बाई हप्त्याहप्त्यानं फेडायची, देणाऱ्याला पैसे परत. व्याज नाही. एका बाईचं एक पान. पान तीस दिवस राहायचं. रक्कम आधी पुरी झाली तर पान त्याच क्षणी उतरायचं. तीस दिवसांत पुरी झाली नाही तरीही उतरायचं, आणि मग जमलेले सगळे पैसे ज्याचे त्याला परत जायचे.

साइटवर येणाऱ्यांना आम्ही पाहुणे म्हणायचो आणि देणाऱ्यांना सावकार. हा शब्द धामणकर सरांचा. ऑफिस त्यांचंच. पाहुण्याचा सावकार कसा होतो, याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसायचं.

“शंभर पाहुणे येतात, तीन देतात. सत्त्याण्णव माणसं उंबऱ्यापर्यंत येऊन चहा न घेता परत जातात. का? तेजश्री, का?” रोज अकराच्या सुमारास ते मला विचारायचे, जशी काही मीच त्यांना हाकलून दिली होती. मग स्वतःच उत्तरं शोधायचे. फोटोत डोळे समोर बघणारे हवेत. ‘गरीब’ हा शब्द पहिल्या ओळीत आला की पाहुणा पळतो. ‘व्यवसायवाढ’ म्हणायचं नाही, ‘दोन शेळ्या’ म्हणायचं. शेळी डोळ्यांपुढे उभी राहते, वाढ राहत नाही. हे सगळं मी इतकं आत्मसात केलं होतं की माझी पानं चार दिवसांत भरायची. सर पाहुण्यांसमोर, म्हणजे खऱ्याखुऱ्या चहा पिणाऱ्या पाहुण्यांसमोर, माझी ओळख करून देताना म्हणायचे, “हिनं लिहिलं की दगड पैसे देतो.”

तर मी सावळखिंडला मालनकाकींच्या ओट्यावर बसून फॉर्म भरत होते. मालन बाबू खिलारे, वय एक्कावन्न, मिरची-मसाला कांडप. आसपासच्या पाच गावांत हे एकच कांडप. होळी झाली की बायका भाजलेला मसाला डब्यांत भरून घेऊन यायच्या. होळीला पाच आठवडे उरले होते आणि मोटर जळाली होती. नवीन यंत्राला तीस हजार कमी पडत होते.

“ह्यो फोटू कुठं कुठं दिसतो?” त्यांनी विचारलं.

“सगळीकडे. मुंबई, दिल्ली, परदेशात सुद्धा.”

“गुजरातला?”

“दिसतो की. का, कोण आहे तिकडे?”

त्यांनी माझ्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उगीचच थोडा सरकवला. “पोरगी हाय. उज्ज्वला. उजू. सहा वर्सं झाली.”

“बोलणं होतं का?”

“तिचा नंबर बदललाय. आमचाबी. कुठल्या गावाला हाय तेबी ठावं न्हाई. गुजरातकडं हाय एवढं तिची मैत्रीण म्हणली, चार वर्सामागं.” मग जरा थांबून, “शेजारची सून म्हणत होती, मोबाईलवर गावाचं नाव टाकलं की त्या गावाचं असंल-नसंल ते सगळं निघतं. खरं का?”

“निघतं. असलं तर.”

“आमच्या गावाचं काय निघतंय? जत्रंचा एक फोटू निघाला म्हणं, तोबी दुसऱ्याच गावाचा. तू माझ्या फोटूला गावाचं नाव लावणार न्हवं?”

“नाही काकी. आम्ही नुसता जिल्हा टाकतो. नियम आहे तसा. उगीच कुणी घर शोधत यायला नको.”

“उगीच न्हवं गं. यायलाच पायजे कुणीतरी.” त्या हसल्या. फोटोत हव्या होत्या तशा हसल्या, पण कॅमेरा पिशवीत गेला होता. “मी तिच्या जागी असते तर रोज गावाचं नाव टाकून बघितलं असतं. काय निघतंय का, काय निघतंय का. ती माझीच पोरगी हाय.”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “टाकते गावाचं नाव,” मी म्हटलं.

“आन किती दिस राहील फोटू?”

“तीस दिवस. पण काळजी करू नका, माझी पानं चार दिवसांत भरतात.” हे मी अभिमानानं सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. “चार दिसांत निघणार? मग लवकर भरू नको.”

“पैसे नकोत का काकी? होळीच्या आधी यंत्र यायला हवं ना?”

“पायजेत की. पैसं न्हाईत तर खाऊ काय? शेवटच्या दिशी भरू दे. पण तवर फोटू राहू दे.” त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मसाल्यानं पिवळसर झालेली, चरे पडलेली बोटं. “तुझ्या हातात हाय न्हवं ते?”

चांगलं लिहिता येणाऱ्याला मुद्दाम वाईट लिहिणं किती अवघड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. दोनदा माझ्या हातून चांगलं वाक्य उतरलं आणि दोनदा मी ते खोडलं. शेवटी उरलं ते असं: ‘मालन बाबू खिलारे, सावळखिंड. वय एक्कावन्न. सावळखिंड येथे मिरची कांडप. मोटर जळाल्यामुळे नवीन यंत्रासाठी तीस हजार रुपये हवे आहेत. परतफेड अठरा महिने.’ मथळ्यात पुन्हा सावळखिंड.

“हे काय? रेशनकार्ड लिहिलंस का?” सर म्हणाले. “आणि गावाचं नाव कशाला?”

“त्या भागात खिलारे खूप आहेत सर. घोटाळा होतो.”

त्यांचा फोन वाजला म्हणून मी वाचले.

पान रखडलं, मला हवं होतं तसंच. दहा दिवसांत सहा हजार. मी पैशांकडे बघतच नव्हते. दुसऱ्या खिडकीत पाहुण्यांची यादी दिसायची: कुठल्या शहरातून आला, किती वाजता, किती वेळ थांबला. नावं दिसत नसत. पुणे, एक मिनिट. ठाणे, वीस सेकंद. बंगळूर, दोन मिनिटं. आणि अकराव्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी: वापी, सहा मिनिटं.

माझं ते रेशनकार्ड वाचायला अर्धं मिनिट पुरे होतं. सहा मिनिटं कुणी काय करत होतं तिथे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन वाजून पाच मिनिटं, वापी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडता यादीसमोर बसून राहिले. दोन वाजले, आणि एक नवी ओळ उमटली. मी जिन्यात जाऊन सावळखिंडला फोन लावला.

“काकी, वापीहून कुणीतरी रोज तुमचा फोटो बघतंय.”

“वापी कुठं आलं?”

“गुजरातेत.”

त्यांनी विचारलं, “किती वाजता?”

“दोनला.”

“रोज?”

“रोज. आज चौथा दिवस.”

“कारखान्यात लागली असंल,” त्या म्हणाल्या. “जेवायच्या सुट्टीत बघती.”

“काकी, तीच आहे असं नक्की सांगता येत नाही हं. कुणीही असू शकतं.”

“व्हय, कुणीबी असंल,” असं म्हणून त्यांनी लगेच विचारलं, “जेवून बघती का जेवायच्या आधी?”

पुढे एकदा फोनवर हसत, स्वतःलाच खुळी म्हणत त्यांनी मला सांगितलं, की दोन वाजले की त्या धुतलेलं लुगडं नेसून शेडपुढे उभ्या राहतात, फोटो काढला होता त्याच जागी. तिथून काही दिसत नाही हे त्यांना कळत होतं. तरी. “नऊवार नेसून उन्हात उभी. येणारी-जाणारी इचारत्यात, मालन, पावणं यायच्यात काय?”

आज माझी लेक चौदा महिन्यांची आहे. ती शेजारी झोपलेली असते आणि मी फोन उघडून तिचेच फोटो बघत बसते. नवरा म्हणतो, अगं ही काय इथेच आहे. तेव्हा मात्र मला असं काही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, बघतेय ना ती? मग झालं की काम.

एकविसाव्या दिवशी सरांनी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावलं.

“हा कोण वापीचा? नऊ वेळा आला? आणि एक रुपया नाही?” त्यांनी खुर्ची ओढली. “तेजश्री, हा पाहुणा नाही, पाडाला आलेला आंबा आहे. फांदी जरा हलवली की पडला.”

“राहू दे ना सर. देईल तेव्हा देईल.”

“देईल तेव्हा देईल? नऊ दिवस राहिलेत. बाईला यंत्र नको का?”

यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मुद्दाम वाईट लिहिलं हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. सरांनी त्या दिवशी एक चौकट बसवून घेतली. एकच पान पाचव्यांदा उघडणाऱ्याला ती दिसणार, मोठी, लाल किनारीची, फोटोवरच येणार: ‘तुम्ही पुन्हा आलात! फक्त अकरा हजार कमी आहेत. आणखी किती वाट बघणार? आत्ताच द्या.’

दुसऱ्या दिवशी दोनला वापीचा पाहुणा आला. पाच सेकंद थांबला. पाच सेकंद.

त्यानंतर आला नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही.

मंगळवारी मी सकाळच्या एसटीनं सावळखिंड गाठलं. मालनकाकी शेडमध्ये जुनं यंत्र चिंधीनं पुसत होत्या. मी ओट्यावर बसले आणि त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

“यायची थांबली?”

मी चौकटीचं सांगितलं. काय लिहिलं होतं तेही, शब्दन् शब्द.

त्यांनी चिंधी खाली ठेवली. “लेकीला दारात उभी करून पैसं मागितलं तुमी?”

“माझी चूक झाली, काकी.”

“सहा वर्सांनी दारात आली होती गं. भीत भीत आली असंल. आन दारातच इचारलं, आणखी किती वाट बघणार?” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. “तुझं तरी काय चुकलं? पैली चूक माझी. तिनं जात सोडून लगीन केलं. जायच्या दिशी हितंच उभी हुती, ह्या पायरीवर. तिचा बाप आत पाठ फिरवून बसलेला, त्यो काय बोलला न्हाई. मी बोलले. म्हणलं, जा, पुन्यांदा आमचं तोंड बघू नको.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरल्यावर त्या पुन्हा बोलल्या.

“न्हाई बघितलं तिनं. पैल्यापास्नं सांगितल्यालं ऐकायची. दिवाळीत तिचा बाप गेला, तर कळवायला नंबर न्हाई. किती जणांना इचारलं. म्हणून तुला म्हणलं, कपाळ दिसू दे. म्हणलं, लिवाय नको, सांगाय नको. माझं कपाळ बघितलं की तिचं तिला कळंल.”

त्या मोकळ्या कपाळाकडे मी तेव्हा कुठे नीट बघितलं. तीन आठवडे मी तो फोटो पडद्यावर बघत होते. त्या सहा मिनिटांत वापीच्या त्या पाहुण्यानं पहिल्या दिवशी काय वाचलं असेल, ते आता माझ्या लक्षात आलं.

चहा झाला. कपबश्या विसळता विसळता त्यांनी अचानक विचारलं, “पैसं देणाऱ्याला काय मिळतं गं?”

“काही नाही. पैसे परत मिळतात, बस. आणि दर तीन महिन्यांनी आमच्याकडून एक पत्र जातं, ईमेलवर. हप्ते वेळेवर येतात, धंदा ठीक चाललाय, वगैरे.”

“कोण लिवतं?”

“मीच.”

“सगळ्या देणाऱ्यांना जातं?”

“एकूण एक.”

“आन न देता नुसतं बघून जाईल त्याला?”

“त्याला नाही. त्याचा पत्ताच नसतो आमच्याकडे.”

त्यांनी बशी पुसायची थांबवली. “मग हे लिवलंया का तिथं? दिलं तर पत्र येतं म्हणून?”

“आहे. खाली, बारीक अक्षरात.”

“खाली कशाला? वर लिव. मोठं लिव. तुझं नगं, माझ्या तोंडचं लिव.” बशी तशीच हातात धरून, रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं आणि मी फॉर्मच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं: ‘जो कोण देईल त्याला मी पत्र धाडीन. तीन महिन्याला एक. घरचं सगळं लिवीन. मालन खिलारे, सावळखिंड.’

ऑफिसात परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. रेशनकार्डापासून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही आंबा म्हणालात, सर.”

ते उठले आणि ती चौकट त्यांनी स्वतः काढली. मग मालनकाकींचं वाक्य त्यांनी फोटोखाली लावलं, एक अक्षरही न बदलता. ‘लिवीन’सुद्धा तसंच ठेवलं.

आणि मग भलतंच झालं. पाहुणे द्यायला लागले! पुणे, ठाणे, नाशिक, बंगळूर. दोन वर्षं आम्ही डोळे, शेळ्या आणि चौकटी करत होतो, आणि इथे पत्र मिळणार म्हटल्याबरोबर माणसं चहाला बसली. गुरुवारी संध्याकाळी पाच हजार उरले होते, शुक्रवारी दुपारी पंधराशे. वापीहून कुणी आलेलं नव्हतं. शनिवार हा शेवटचा दिवस. सकाळी साडेअकराला पुण्याच्या कुणीतरी हजार दिले आणि पाचशे उरले. एका माणसाचे पाचशे. ते कुणीही दिले असते की पान उतरलं असतं, फोटोसकट.

आयुष्यात पहिल्यांदाच पान भरू नये म्हणून धामणकर सर घामाघूम झालेले मी पाहिले. “दर्शनी यादीतून काढ हिला,” ते म्हणाले. “साइटवर सहज आलेल्याला दिसायलाच नको. गावाचं नाव टाकून येईल त्यालाच दिसू दे.”

“आणि कुणी आलंच नाही तर? सगळे पैसे परत जातील सर. यंत्र—”

“पाच वाजेपर्यंत थांबू. मग पाचशे मी टाकतो.”

दोन वाजले. दोन दहा. सव्वादोन. सरांनी चहा मागवला होता, तो तसाच राहिला. दोन वाजून बावीस मिनिटांनी ओळ उमटली: वापी.

एक मिनिट. चार. सात. ती काय बघतेय, काय वाचतेय, ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलंय की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. नुसता आकडा वाढत होता. अकराव्या मिनिटाला पान उतरलं. रक्कम पूर्ण.

“दिले,” सर म्हणाले. एवढंच. आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी फोन लावला. “काकी, आली. पैसे दिले.”

“नाव काय लिवलं?”

“नाव लिहिलं नाही. तिथे रिकामंच आहे. ईमेलचा पत्ताही नुसता आकड्यांचा. ती दुसरीच कुणी असेल तरी आपल्याला कळणार नाही.”

“असू दे. सगळी किती जणं झाली?”

“तेवीस.”

“तेवीस जणांस्नी पत्र जाईल न्हवं? मग तिलाबी जाईल.” फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “माझा फोटू निघाला आता तिथनं?”

“निघाला.”

“तरी तिनं दिलं,” त्या म्हणाल्या.

जूनमध्ये मी पहिलं पत्र घ्यायला गेले. नव्या यंत्राचा धपधप आवाज चालू होता, म्हणून आम्ही मागच्या अंगणात बसलो. पत्र तेवीस जणांना जाणार आहे, याची मी आठवण केली. “व्हय, सगळ्यांस्नी नमस्कार लिव,” म्हणून त्यांनी सुरुवात केली. यंत्र चांगलं चाललंय. हंगामात दिवसाला दोन क्विंटल कांडलं. म्हैस विकली, तिचं वाईट वाटून घेऊ नका, ती म्हातारी झाली होती. बाबूराव जाताना कुणावर रागावलेले नव्हते, हे पत्र वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. माणूस रागात बोलतं ते धरून बसू नये. फाट्यावर आता सकाळी नऊची पण गाडी थांबते.

नाशिकच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी उलट उत्तर पाठवलं: ‘बाबूराव कोण ते समजले नाही, परंतु त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. मसाला पोस्टाने मिळेल काय?’ ठाण्याचं एक जोडपं तर दुसऱ्या पत्रानंतर खरोखरच नऊच्या गाडीनं सावळखिंडला येऊन उतरलं. गाडी थांबलेली ऐकून मालनकाकी ओट्यावरून धावत फाट्यापर्यंत गेल्या होत्या. मग त्या अनोळखी नवरा-बायकोला घरी आणून, पोटभर जेवू घालून, किलोभर मसाला देऊन त्यांनी परत पाठवलं. “बरी माणसं हुती,” मला म्हणाल्या. “त्यांचा काय दोष?”

वापीहून उत्तर आलं नाही. पत्र उघडलेलं मात्र दिसायचं. पाठवलं त्याच दिवशी, दोनच्या सुमारास.

अठरा महिन्यांत सहा पत्रं झाली. एकही हप्ता चुकला नाही. आणि शेवटचाच आला नाही. एक महिना गेला, दोन गेले.

“कांडपवाली कधी चुकली नव्हती,” सर म्हणाले. मी फोन केला.

“काकी, शेवटचा हप्ता राहिलाय. काही अडचण आहे का?”

“अडचण कसली? डब्यात बाजूला काढून ठेवलाय.”

“मग भरा ना.”

“भरला की कर्ज फिटलं. कर्ज फिटलं की पत्र बंद. असंच हाय न्हवं?”

“असंच आहे,” मी म्हटलं.

“मग राहू दे थकल्यालं. म्हणतील बाई लबाड हाय. म्हणू देत.”

सरांनी रजिस्टरमध्ये काकींच्या नावापुढे ‘चौकशी चालू’ असं लिहिलं आणि पान उलटलं. सातव्या पत्रात मालनकाकींनी स्वतःच कळवून टाकलं: ‘शेवटचा हप्ता माझ्याजवळ हाय. बुडवणार न्हाई, पण इतक्यात देणार न्हाई. कारण इचारू नये.’ तेविसांपैकी एकानंही विचारलं नाही. पोस्टमास्तरांनी कळवलं, सावकाश द्यावा. आठवं पत्र गेलं. वापीत ते उघडलं गेलं, त्याच दिवशी, दोनला. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, नोकरी सुटणार होती, आणि नववं पत्र कोण लिहून घेईल याची मला रुखरुख लागली होती.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी मी हप्त्यांची यादी उघडली, तर मालन बाबू खिलारे यांचा शेवटचा हप्ता जमा झाला होता. पूर्ण. खातं बंद.

दमली का बाई वाट बघून? की आजारी पडली, आणि डब्यातले पैसे दुसऱ्याच कुणीतरी आणून भरले? सर अजून आले नव्हते. मी फोन लावला. वाजत राहिला. कापणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला. पलीकडे यंत्राची धपधप चालली होती, आणि जवळच एक लहान मूल शिंकत होतं, एकामागून एक, थांबेचना.

“हॅलो?” तरुण आवाज होता, बाईचा. मी कधी न ऐकलेला. “आई कांडपावर आहे. कोण म्हणून सांगू?”